वरून जिवंत, खालून गेलेला

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन पडला. म्हणजे मी पाडला— फोन स्वतःहून कशाला पडेल!

छापखान्यात कागद कापायच्या यंत्राखाली एक चिठोरं दिसलं म्हणून वाकलो. चिठोरं कामाचं नव्हतं. पण खाली काही पडलेलं दिसलं की उचलल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यात सदऱ्याच्या वरच्या खिशात फोन ठेवायची खोड. फोन घसरला, यंत्राच्या लोखंडी पायावर आपटला आणि शांत पडून राहिला. काचेला साधा ओरखडाही नाही. मी तिथल्या तिथे देवाचे आभार मानले. जरा घाई केली.

संध्याकाळी कळलं की काचेचा वरचा अर्धा भाग बोट लावलं की ऐकतो, खालचा ऐकत नाही. दिसतं सगळं, वाजतोही नीट. पण आकडे खाली, अक्षरं खाली, ‘पाठवा’ची खूणही खाली. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने कलिंगड बघावं तसा फोन बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाला, “वरून जिवंत आहे, खालून गेलेला आहे.” या जातीची काच बाहेरून मागवावी लागेल, येईल तेव्हा येईल.

घरी येऊन हिला सांगितलं, मला सगळं वाचता येतंय, ऐकू येतंय, फक्त उत्तर देता येत नाही. ही म्हणाली, “लग्न झाल्यापासून वेगळं काय आहे मग?”

४ फेब्रुवारी, बुधवार

शोध लावला! फोन आडवा धरला की अर्ध्या अक्षरांवर बोट चालतं. उलट बाजूने आडवा धरला की उरलेल्या अर्ध्या. म्हणजे एक अक्षर लिहायचं, फोन गर्रकन फिरवायचा, दुसरं लिहायचं, परत फिरवायचा. बसच्या रांगेत उभा राहून हिला ‘उशीर होईल’ एवढं लिहिलं. मागचा माणूस बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “गाडी शिकताय का?”

निरोप गेला तेव्हा मी दारात पोचलो होतो. हिने फोन बघितला, मला बघितलं, आणि बाजूला होऊन आत घेतलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

छापखान्यात मुखपृष्ठं आणि चित्रं करणारी बाई आहे, तिला सगळे चित्रबाई म्हणतात. वयाने माझ्यापेक्षा फार लहान नाही. पण मला काका म्हणते, आणि मालकांना, ज्यांची साठी उलटली, त्यांना सर. म्हणजे म्हातारा मीच.

तिला माझं फोन फिरवणं बघवेना. तिने एक वायर आणली, फोन माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडला, कुठून तरी एक प्रोग्राम उतरवून घेतला. फोनने काहीतरी परवानगी मागितली, ती अर्थातच खालच्या मेलेल्या भागात. तिने फोन आडवा केला, परवानगी जिवंत बाजूला आली, दाबली. आणि एकदम माझा अख्खा फोन कॉम्प्युटरच्या पडद्यावर येऊन उभा राहिला! खराखुरा फोन मात्र काच काळी करून टेबलावर आडवा. त्याचा सगळा जीव वर गेलेला.

“आता माउस म्हणजे तुमचं बोट,” ती म्हणाली. “वर-खाली कुठेही लावा, ऐकेल. टाइप करायचं ते नेहमीच्या कीबोर्डवरून. इथलं काही उचलून तिथे चिकटवताही येईल.”

मी मान डोलावली आणि पडद्याला बोट लावलं.

“काका, काच पुसताय का?”

तेवढ्यात हिचा फोन आला. पडद्यावर हिरवी खूण नाचायला लागली. मी माउसने ती दाबली— इथपर्यंत बरोबर. मग माउस उचलून कानाला लावला आणि हॅलो म्हणालो. मशीनवाला जेवणाच्या सुट्टीतही मशीन बंद करत नाही, त्याने ते बंद केलं. नुसतं बघण्यासाठी. खाली टेबलावर पडलेल्या फोनमधून हिचा आवाज येत होता, “कुठून बोलताय? विहिरीतून का?”

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी जपाला बसलो. माळेचा प्रत्येक मणी उजव्या हाताची तर्जनी दोनदा दाबत होती. देवाने कोणती फाइल उघडली असेल, त्यालाच ठाऊक.

७ फेब्रुवारी, शनिवार

कामाबद्दल इथे सहसा लिहीत नाही. दिवसभर दुसऱ्यांचं टाइप करून आल्यावर आपलं हातानेच लिहावंसं वाटतं. पण आज एका संस्थेच्या वार्षिक अहवालाची पानं लावता लावता दादा फार आठवला.

दादा, माझा थोरला भाऊ, याच छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा. खिळे गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा बाकीचे जुळारी घाबरून निघून गेले. दादा बसून राहिला आणि शिकला. मग मला गावाहून बोलावून घेतलं आणि शेजारी बसवलं. कीबोर्ड म्हटलेलं त्याला चालायचं नाही. तो कळफलकच म्हणायचा. मालक मुद्दाम चिडवायचे, कीबोर्ड बिघडला का रे, म्हणून. दादा मान वर करायचा नाही. कळफलक म्हटल्याशिवाय ओ नाही!

आमच्या जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. दीर्घ असेल तर अक्षर आधी, वेलांटी मागून. म्हणजे शब्द बोटाखाली यायच्या आधीच ठरलेलं असलं पाहिजे, ऱ्हस्व की दीर्घ. माझं ठरलेलं नसायचं. गावच्या शाळेत मास्तरांनी बहुधा एकच वेलांटी शिकवली आणि दुसरी पुढच्या वर्षासाठी ठेवली, मग त्यांची बदली झाली. दादा माझ्या मुद्रितावर चूक कधी दाखवायचा नाही. नुसतं समासात लिहायचा— ‘पुन्हा बघ’. कुठे बघायचं ते मी शोधायचं. एकाच पानावर चार-चारदा ‘पुन्हा बघ’ आलेलं आहे.

आता माझ्या कीबोर्डवरची सगळी अक्षरं पुसली गेलीत. नवखा माणूस बसला तर त्याला नुसते काळे दात दिसतील. मला काही अडत नाही, बोटं आपापल्या घरी जातात.

दादाचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, त्याला आता चार महिने होतील. मुलाकडे असतो, रात्रभराच्या प्रवासावर.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारचा फोन. घरी कॉम्प्युटर नाही म्हणून हिच्या फोनवरून लावला. वहिनींनी नेहमीसारखा फोन दादाच्या कानाला धरला. मी विचारलं, जेवलास का? औषध घेतलंस का? शहाणा!

शहाणा म्हणालो! ज्या माणसाने माझ्या प्रत्येक वेलांटीवर डोळा ठेवला, त्याला मी शहाणा म्हणालो, पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला. आज जरा जोरात वाटला. कुणालाही रागच येईल.

नंतर पुतण्या बोलला. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी दादाला आजारी माणसांच्या केंद्रात ठेवायचं ठरवलंय. मुलगा वाईट नाही. बापाची कूस तोच बदलतो, अंग तोच पुसतो, मग कामावर जातो. दिवसभर वहिनी एकट्या. उचलून उचलून त्यांची पाठ गेलीय, परवा न्हाणीच्या दारातच बसल्या, उठता येईना. हे सगळं मला पटलं. पण मग तो म्हणाला, “काका, बाबांना आता कळत नाही काही. डोळे उघडे असतात, इतकंच. इथे काय, तिथे काय, त्यांना सारखंच.”

दादाला विचारलंत का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण कसं विचारायचं, असं त्याने उलट विचारलं असतं तर माझ्यापाशी काय होतं? बरं म्हणालो. डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही म्हणे, आत कितपत उरलंय.

ही जवळच भाजी निवडत होती. आज भाजी फार बारीक निवडली.

९ फेब्रुवारी, सोमवार

दिव्यापुढे बसलो, पण काय मागायचं तेच ठरेना. दादाला सगळं कळत असू दे, असं मागावं तर त्याला ‘शहाणा’सुद्धा कळला असणार. कळत नसू दे, असं तर मागवत नाही. मजकूरच पक्का नाही, मग छापायला कसा द्यायचा? नमस्कार करून उठलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादाच्या उशाशी त्याचा जुना फोन असतो. वहिनी त्यावर भजनं लावून देतात. मनात आलं, आपण त्याला लिहावं. बोलायला गेलो की माझा ‘शहाणा’ होतो. लिहिताना तरी दादा डोळ्यांपुढे असतो.

फोनच्या चित्रावर माउसने एकेक अक्षर टिपत बसायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून आमच्या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये, कीबोर्डच्या नेहमीच्या किल्ल्यांवर, सरळ टाइप केलं. लिहिलं ते असं—

‘दादा, माझा फोन बिघडलाय, कॉम्प्युटरवरून लिहितोय. तुला वाचता येतं का मला ठाऊक नाही. तू शिकवलंस त्याच किल्ल्यांवर माझं पोट चाललंय. हे लोक तुला केंद्रात न्यायचं म्हणतात. तुला जायचंय का, हे तुला कुणीतरी विचारायला हवं होतं. म्हणून मी विचारतो. तुझा आशिर्वाद असू दे.’

शेवटचं वाक्य टाइप केलं, आणि नेमके त्याच वेळी मालक अहवालाचं विचारायला पाठीमागे येऊन उभे राहिले. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझं घरचं! झटकन मजकूर उचलला, फोनमध्ये दादाच्या नावावर चिकटवला, पाठवला आणि फोन मिटून टाकला. न बघता. मालक म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय का, डोळ्यांतून पाणी येतंय. म्हटलं हो, वाढलाय.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून फोनवर फोन.

पुतण्या म्हणाला, “काका, तुमचा फोन हॅक झालाय. बाबांना तुमच्याकडून काहीतरी भयंकर आलंय. कशाला हात लावू नका!” त्याने सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं की काकांकडून काही आलं तर उघडायचं नाही. मेहुण्याने बँकेत जाऊन या म्हणून सांगितलं. मावशी विचारत होती, त्यांनी तुला पकडून ठेवलंय का? इतक्या लोकांना माझी काळजी आहे, हे त्या निमित्ताने कळलं.

छापखान्यात जाऊन बघितलं. मी पाठवलेलं सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त मराठी नव्हतं. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टक्क्याची खूण, अर्धविराम, डॉलर. जसा काही कुणी झाडूने गोळा करून टाकलेला कचरा.

चित्रबाई टेबलावर डोकं टेकवून हसली. मग डोळे पुसत समजावून सांगितलं. आमचा फॉन्ट जुना. त्यात आतून सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, वरून नुसता मराठीचा मुखवटा चढवलेला. मुखवटा फक्त आमच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरकडे आहे. मजकूर बाहेर पडला की मुखवटा इथेच राहतो आणि आतला कचरा बाहेर जातो.

“तुमची ही मराठी या खोलीबाहेर कुणाला कळत नाही काका.”

म्हणजे इतकी वर्षं मी मराठी लिहितोय असं समजत होतो. मी कचरा लिहीत होतो, आणि मशीन माझी लाज राखत होतं!

पुतण्याला खरं सांगायला फोन केला. फॉन्ट, मुखवटा, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बरं बरं, काका. पण पासवर्ड बदला.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चित्रबाईने नवी पद्धत लावून दिली, सगळ्या फोनांना कळेल अशी. यात ऱ्हस्व वेलांटी मागून मारायची. माझं बोट आधी जातं. प्रत्येक वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते. हिला ‘किराणा आणतो’ असं लिहायला गेलो, तर पहिल्यांदा नुसती वेलांटीच उभी राहिली, निराधार. दुपारभर झगडून एक ओळ नीट पाठवली. हिचं उत्तर आलं, ‘कोण बोलतंय?’

दादाला परत लिहायचं धाडस नाही. पुतण्या म्हणाला, त्यांच्या फोनवर आता काही पाठवू नका, आई घाबरते.

१५ फेब्रुवारी, रविवार

रविवारचा फोन. आज दादाशी नीट बोलायचं ठरवून बसलो होतो. अहवालाचं सांगितलं, पुठ्ठ्याचा दर्जा घसरलाय ते सांगितलं. कुणाशी बोलतोय ते कळत नसल्यासारखा बोलत राहिलो. तिकडून श्वास.

मग वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा तो घाणेरडा निरोप पुसायला गेले, तर हे फोन सोडेचनात. डाव्या हाताने गच्च धरून ठेवला. तेच उघडून बघत बसतात. काल तर हसले असं वाटलं मला.” मग लगेच, “पण तोंड वाकडं झालंय ना, हसतात की दुखतं ते कळत नाही.”

पुतण्या मागून म्हणाला, डॉक्टर सांगतात, अशा हालचाली आपोआप होतात. त्याचा अर्थ लावायचा नसतो.

मीही लावला नाही. मुद्रित न वाचता छापलेल्या आशेचं काय होतं, ते मला ठाऊक आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पडद्यावर उघड्या राहिलेल्या फोनात मशीनवाल्याने हिचा निरोप वाचला— ‘येताना साबण, आणि तोंड धुतल्यासारखं हसत या’. आता दिवसभर मला बघून तो तोंड धुतल्याची खूण करतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घरी होतो, ताप. संध्याकाळी फोन वाजला. दादाच्या नंबरवरून काहीतरी आलं होतं. उघडलं तर कचरा! तीच इंग्रजी अक्षरं, तेच कंस. माझ्यापेक्षा थोडा.

पुतण्या म्हणतो ते खरंच होतं तर. मी फॉन्ट आणि मुखवट्याच्या गोष्टी सांगत बसलो, आणि माझ्या फोनचा रोग दादाच्या फोनलाही लागला. पाच मिनिटांनी पुतण्याचा फोन— त्याने दादाच्या फोनवरून कुणाला काही गेलंय का ते तपासलं होतं. चिडला नाही, पण थकलेला होता. म्हणाला, “बघितलंत ना? आता बाबांचा फोन काढून ठेवतो. त्यांना तसाही काय उपयोग.”

मी तो कचरा पुसून टाकायला गेलो. पुसायची खूण खालच्या मेलेल्या भागात! फोन आडवा केला, उलटा केला, ती खूण प्रत्येक वेळी नेमकी मेलेल्या बाजूला. हिने फोन हातातून घेतला आणि म्हणाली, “राहू दे. ताप असताना झाडलोट करू नये.”

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ताप उतरला. अहवाल छपाईला गेला. मुखपृष्ठावरच ‘वार्षीक’ होतं, मशीनवाल्याने पकडलं. मशीनवाल्याने!

२२ फेब्रुवारी, रविवार

दादाने आज फोन कानाला लावून घेतला नाही. वहिनी म्हणाल्या, त्यांचा फोन काढून घेतल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडतात. जेवणही अर्ध्यावर. आधी निदान डाव्या अंगठ्याने काचेवर टकटक करत बसायचे, पोर खेळतं तसं. तेवढाच विरंगुळा होता.

बोलता बोलता त्या रडल्या. गुरुवारची गाडी ठरली आहे. केंद्रवाल्यांनी अंथरूण, कपडे, सगळ्यांवर नाव घालून आणायला सांगितलंय. त्या धोतराच्या काठावर दोऱ्याने दादाचं नाव घालत होत्या. मला विचारत होत्या, आडनाव कसं लिहू, ऱ्हस्व की दीर्घ? मीही सांगू शकलो नाही. हे सांगणारा माणूस तिथेच भिंतीकडे तोंड करून पडला होता. आम्ही दोघांनीही त्याला विचारलं नाही.

फोन ठेवला तेव्हा ही म्हणाली, “तुमच्या फोनसारखंच झालं हो भावजींचं.”

मी विचारलं, म्हणजे?

“मेला म्हणून कुणी टाकून दिला नाही ना तुमचा फोन. वायर लावलीत.”

मी हो म्हणालो आणि हात धुवायला उठलो. माझ्या डोक्यात गोष्ट शिरायला फार दरवाजे ओलांडावे लागतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

नवी काच आली. मोबाइलवाला म्हणाला, उद्या फोन देऊन जा. रोग लागलाय म्हणता, तर आतलंही सगळं धुऊन पुसून देतो, जन्मल्यासारखा होईल. मला बरं वाटलं. हिचे फोटो तेवढे उद्या सकाळी छापखान्यात वायर लावून उतरवून घेईन. मग काय जायचं ते जाऊ दे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

फोन दिला नाही.

फोटो उतरवता उतरवता दादाचा कचरा मोठ्या पडद्यावर आला. वाचत नव्हतो, नुसता बघत होतो, आणि खाली टेबलावर माझी बोटं आपोआप हलली. शेवटच्या शब्दाच्या किल्ल्या. कळफलक! फोनच्या इंग्रजी अक्षरांवर आमच्या जुन्या किल्ल्या मारल्यात, हे कुणा हॅकरला कुठून येणार? उचलला, आमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाकला. मुखवटा चढला.

‘आशीर्वाद. शी दीर्घ. पुन्हा बघ. केंद्रात जाईन. हिची पाठ गेली. पठव कळफलक.’

चूक कोणती तेही सांगितलंय. दादा मवाळ झालाय.

पुतण्याला फोन लावून वाचून दाखवलं. तो आधी हसला. मग लहानपणीच्या आवाजात म्हणाला, “बाबांना देऊ फोन?”

मजकूर पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा डोळ्यांतल्या पाण्याने दिसेना.

‘पाठव’मधला काना निसटलाय. चूक दाखवायची माझी हिंमत नाही. मालकांना विचारून माझाच कळफलक काढला, वायरीसकट, जुन्या मुद्रितांच्या कागदात गुंडाळला. त्यावर अक्षरं नाहीत. दादाला लागत नाहीत.